नाव विचारणारा माणूस

"मॅडम, तुम्ही आतच बसा. पहिले मी पाहून येतो," असं म्हणून तेजरावभाऊ गाडीतून उतरले आणि उतरता उतरता त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. असं त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. मला गाडी चालवता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. गर्दीतल्या कुणी किल्ली काढून घेऊ नये, म्हणून ती माझ्याकडे दिली होती.

समोर रस्ता दिसतच नव्हता, नुसती माणसं दिसत होती. शंभर-सव्वाशे तरी असावीत. उजव्या बाजूला केळीनं भरलेला एक पिकअप तिरपा उभा होता, त्याच्या समोरच्या काचेचा चुरा झाला होता. केळीचे घड रस्त्यावर पडून पायाखाली चिरडले जात होते. त्या सगळ्या गोंगाटात मधूनच एक आवाज यायचा, पोतं आपटावं तसा. तो कशाचा आवाज आहे हे मला कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली, दुपारी अडीचच्या सुमाराची. मी सव्वीस वर्षांची होते. जालन्याहून शिकून आलेली, नवी कोरी डॉक्टर. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णवाहिकेवर माझी नेमणूक झाली होती. गाडीवर आम्ही दोघंच असायचो. मागे मी, पुढे ड्रायव्हर तेजराव खिल्लारे.

तेजरावभाऊ तेव्हा बावन्न-त्रेपन्नचे होते. काटक, सावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बोलणं असं हळू की सायरन चालू असताना मला पुढच्या खिडकीला कान लावावा लागायचा. पहिल्या आठवड्यातच आमची एकदा जुंपली होती. एक मोटारसायकलवाला पाच मिनिटं वाट देईना. मी मागून ओरडले, "किती निर्लज्ज माणूस आहे हा! भोंगा वाजवा ना जोरात!"

"वाजवून राह्यलो मॅडम. त्याले ऐकू येत नसंल."

"ऐकू न यायला काय झालं? एवढा मोठा सायरन!"

"कानानं बहिरा असंल, नाहीतर मनानं. दोन्ही आजारच हायेत," ते म्हणाले आणि शांतपणे वाट मिळायची वाट पाहत राहिले. मला राग आला होता. आत रुग्ण तडफडतोय आणि यांना तत्त्वज्ञान सुचतंय!

मग हळूहळू कळत गेलं. ते रोज पहाटे उठून गावच्या विहारात मैत्रीभावनेच्या ध्यानाला बसायचे. वीस वर्षांपूर्वी गावात एक भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, पावसाळ्यातल्या वर्षावासाला राहिले होते, त्यांनी शिकवलेलं. डोळे मिटायचे, श्वासावर मन ठेवायचं आणि एकेका माणसाला समोर बसवून त्याचं भलं चिंतायचं. आधी स्वतःचं, मग आवडत्या माणसाचं, मग ज्याच्याशी ना मैत्री ना वैर अशा कुणाचं, आणि शेवटी ज्याला पाहून आपल्या कपाळावर आठी चढते त्याचं.

"जमतं का हो?" मी एकदा विचारलं होतं. त्यात थोडी थट्टा होती.

"पहिले तीन दोन महिन्यांत जमले," ते हसून म्हणाले. "चौथ्यावर वीस वर्षं झाले, अडकून पडलो."

चौथा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. देवभोळा माणूस, एवढंच मी मनाशी म्हटलं होतं. तेजरावभाऊ देवाचं नावही घेत नाहीत, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तर त्या दुपारी ते गर्दीत शिरले आणि दोनच मिनिटांत परत आले. शर्टाची एक बाही उसवली होती.

"मॅडम, दोघं हायेत. एक पोरगी हाय सतरा-अठराची, स्कूटीवर होती. मांडीचं हाड बाहेर आलंय, पण शुद्धीवर हाय. तिले त्या बाभळीखाली ठेवलंय. आणि दुसरा गाडीचा ड्रायव्हर."

"त्याला काय झालं? गाडी तर उलटलेली नाही."

"त्याले लोकांनी मारलंय. अजून मारून राह्यले."

आम्ही स्ट्रेचर घेऊन बाभळीकडे धावलो. मुलीचं नाव दुर्गा काकड. बारावी झालेली, तालुक्याहून फॉर्म भरून घरी निघालेली. रक्त बरंच गेलं होतं. ओठ पांढरे पडले होते, नाडी लागत होती पण बारीक आणि धावती. मी जखम दाबून बांधली, पायाला आधाराची खपाटी लावली, सलाईनची सुई टोचली. ती माझा हात घट्ट धरून एकच विचारत होती, "मॅडम, पाय कापावा नाही ना लागणार?" तिला स्ट्रेचरवर घेऊन गाडीत चढवलं. लोकांनी वाट दिली, मदतही केली. तीच माणसं, तेच हात. थोड्या वेळापूर्वी ते काय करत होते ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

मी आत चढले आणि तेजरावभाऊंना म्हणाले, "चला. लवकर. हिला एक तासाच्या आत जिल्ह्याला पोचवायला पाहिजे."

ते जागचे हलले नाहीत. "आणि तो?"

"दुसरी गाडी मागवू. पोलीसही येतील."

"दुसरी गाडी यायले पाऊण तास लागंल. तोवर तो राहत नाही."

"भाऊ, ते लोक त्याला आणू देणार नाहीत! तुम्हालाही मारतील. इथे ही पोरगी..." माझा आवाज चिरकला. "त्याला सोडा. चला."

हे मी म्हणाले होते. डॉक्टर मी होते आणि मीच म्हणाले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला राग शोधूनही सापडला नाही. "मले चार मिनिटं द्या," ते म्हणाले. "घड्याळ लावा. पाचवं मिनिट लागलं की मी येतो, तो असो का नसो." आणि परत गर्दीकडे निघाले.

गाडीचं मागचं दार उघडं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. एका हातानं दुर्गाची सलाईन धरून मी ते पाहत होते.

तो ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला कुशीवर पडला होता. अंगावर बनियनच्या चिंध्या, चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला. त्याच्याजवळ एक धिप्पाड माणूस उभा होता, हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी. तो दुर्गाचा काका, सोपान काकड. दुर्गाचा बाप ती चौथीत असतानाच वारला होता आणि याच काकानं तिला वाढवलं होतं. अपघात त्यांच्या गावाजवळच झाला होता, म्हणून तो धावत आला होता. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला फक्त त्याच्या हातातली टॉमी दिसत होती.

तेजरावभाऊ सरळ गेले आणि त्या पडलेल्या माणसाच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले. ना कुणाला ढकललं, ना कुणावर ओरडले. त्याच्या तोंडाजवळ वाकून मोठ्यानं विचारलं, "बाबू, नाव काय तुहं?"

गर्दीतून कुणीतरी लाथ घातली. ती त्याच्याऐवजी तेजरावभाऊंच्या पाठीत बसली. ते पुढे झुकले, हात टेकून सावरले आणि मागे वळून त्या लाथ घालणाऱ्याला तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, तुमचं नाव काय?"

तो पोरगेलासा माणूस गडबडला. "काहून? पोलिसाले सांगता का?"

"नाही. मले माणूस लागते एक, पायाकडून धरायले. नावाशिवाय हाक कशी मारू?"

"दत्ता," तो पुटपुटला.

"आणि तुमचं?" शेजारच्याला.

"कशाले पाहिजे तुम्हाले?" शेजारचा गुरकावला. पण त्याचा आवाज एकट्याचा पडला, मघासारखा शंभर जणांचा वाटला नाही. थोडं थांबून तो म्हणाला, "विष्णू."

"विष्णुभाऊ, गाडीत डाव्या बाजूला लाकडी फळी हाय. तेवढी आणा."

विष्णू जागचा हलला नाही. सोपान काकड पुढे आला. "ओ ड्रायव्हर! उठा तिथून. पोरगीले घेऊन जा. याले इथंच मरू द्या."

"पोरगी कोण तुमची?"

"माही पुतणी होय! माह्या भावाची एकुलती एक हाय!" त्याचा आवाज फाटला. "अन् हा हलकट मोबाईल पाहत गाडी चालवत होता. मोबाईल! लोकांनी पाह्यलंय डोळ्यानं!"

"पाह्यलं असंल," तेजरावभाऊ म्हणाले. "खरंही असंल. मी नाही म्हणत नाही."

"मग?"

"तुमचं नाव काय, भाऊ?"

"सोपान."

"सोपानभाऊ, दुर्गा तुम्हाले विचारून राह्यली. ती घाबरली हाय. तिच्यासोबत तुम्ही चला. अन् मी याले घेतल्याशिवाय इथून उठणार नाही. माह्यात तुमच्याशी भांडायची ताकद नाही, तुम्ही टॉमी उचलली तर मी आडवाही येऊ शकत नाही. पण उठणार मात्र नाही."

दुर्गा विचारत नव्हती. निदान मला तरी ऐकू आलं नव्हतं. पण तेजरावभाऊ असं म्हणाले आणि त्याच क्षणी माझ्याजवळून तिनं क्षीण आवाजात हाक मारली, "काका..."

सोपाननं गाडीकडे पाहिलं. मग खाली बसलेल्या त्या पांढऱ्या शर्टातल्या माणसाकडे पाहिलं. शर्टावर पाठीमागे बुटाचा ठसा उमटला होता. तो टॉमी धरून तसाच उभा होता, मला वाटलं कितीतरी वेळ. घड्याळात पाहिलं तर अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

टॉमी खाली पडल्याचा आवाज आला. मग विष्णू फळी आणायला धावला.

तीन मिनिटं चाळीस सेकंदांत तो माणूस गाडीत होता. दत्तानं पाय धरले होते, विष्णूनं कंबर, आणि डोकं तेजरावभाऊंनी. फळी खालीच, स्ट्रेचर आणि बाकड्याच्या मधल्या जागेत ठेवावी लागली. मी त्याच्याकडे वाकले. तोंडात रक्त साचलं होतं, जीभ मागे पडली होती, श्वास घरघरत होता. मी यंत्रानं रक्त ओढून काढलं, मानेला पट्टा लावला, हनुवटी वर धरली तसा श्वास मोकळा झाला. सोडली की पुन्हा घरघर. म्हणजे कुणीतरी ती सतत धरून बसायला हवं होतं. आणि त्याच वेळी दुर्गाचा रक्तदाब उतरत चालला होता. तिच्या मांडीवरचा दाब मी सोडू शकत नव्हते.

मागे मोकळ्या हातांचा माणूस एकच होता. दुर्गासोबत चढून बाकड्यावर बसलेला सोपान काकड.

"सोपानराव," मी म्हणाले, "इथे खाली या. याची हनुवटी अशी धरायची. दोन्ही हातांनी, जबडा वर उचलून. सोडली तर याचा श्वास बंद पडेल."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवीच दिली असावी. "मी?"

"माझे दोन हात तुमच्या पुतणीच्या पायावर आहेत. काढू का?"

तो खाली बसला. त्याच्या हाताच्या बोटांवर रक्त वाळलेलं होतं. कुणाचं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानं त्या हातांनी तो जबडा धरला. कसा धरायचा ते मी पुन्हा एकदा दाखवलं, आणि घरघर थांबली.

जिल्ह्याचं ठिकाण अडतीस किलोमीटरवर होतं. तेजरावभाऊंनी गाडी अशी चालवली की सलाईनची बाटलीही फारशी हलली नाही. अर्ध्या वाटेवर घाट लागला. तिथे सोपाननं एकाएकी हात काढून घेतले. थकला होता की मनात काही उठलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. तो नुसता आपल्या तळव्यांकडे बघत बसला. खालून घरघर सुरू झाली. मी ओरडायला तोंड उघडलं.

पुढच्या खिडकीतून तेजरावभाऊंचा हळू आवाज आला. आरशात त्यांना सगळं दिसत असावं.

"सोपानभाऊ, रग लागली का हाताले? लागते. कोपरं मांडीवर टेकवा, म्हणजे जड वाटत नाही."

बस, एवढंच. धरा म्हणाले नाहीत, सोडू नका म्हणाले नाहीत.

सोपाननं कोपरं मांडीवर टेकवली आणि पुन्हा हनुवटी धरली. त्यानंतर दवाखान्याच्या दारापर्यंत ती त्यानं सोडली नाही. मध्ये एकदा त्या माणसाचा सुजलेला डोळा किंचित उघडला. त्यानं वर पाहिलं. कुणाला पाहिलं हे त्याला कळलं असेल का? तो काहीतरी पुटपुटला. सोपान खाली वाकला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"नाव सांगून राह्यला," सोपान म्हणाला. "हिलाल म्हणतो. हिलाल कोळी."

मघा रस्त्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो आत्ता देत होता.

दवाखान्यात दोघांनाही आत घेतलं. दुर्गाला तडक ऑपरेशनला नेलं. हिलालच्या डोक्यात रक्तस्राव होता, त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. मी कागद भरून, सह्या करून बाहेर आले तेव्हा चार वाजले होते. मागच्या आवारात तेजरावभाऊ नळाची नळी लावून गाडी आतून धूत होते. पाणी लालसर होऊन गटाराकडे वाहत होतं. त्यांना नळी नीट धरताही येत नव्हती.

"बसा ना जरा. मी धुते," मी म्हणाले.

"नाही, होते. असंच होते मले नंतर. त्या वेळी नाही होत."

मी पायरीवर बसले. मग म्हणाले, "भाऊ, मी त्याला सोडून चला म्हणाले होते."

"हो."

"डॉक्टर असून."

त्यांनी नळ बंद केला. "मॅडम, तुमच्या हाताखाली पोरगी होती. तुम्ही तिच्याकडं पाहत होत्या, अन् तेच बरोबर होतं. माहे हात रिकामे होते म्हणून मले दुसरा दिसला. यात माही काही कमाई नाही, अन् तुमचा गुन्हा नाही."

मला रडू आवरेना. ते थोडे दूर जाऊन उभे राहिले, मला संकोच वाटू नये म्हणून. मग परत आले आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं. "एवढ्या माणसांत जाऊन बसायचं?"

"वाटली ना. पण ती माणसं मले नवीन नव्हती." बोलावं की नाही, असं त्यांचं चाललेलं दिसलं. "मी त्या गर्दीत होतो एकदा."

"कुठल्या?"

"अशाच. बावीस वर्षांचा होतो. एका बाजारात एक पाकीटमार सापडला. लोक मारत होते. मी बैलाचा कासरा विकत घ्यायले गेलो होतो, माहं पाकीट नव्हतं का काही नव्हतं. तरी मी घुसलो. दोन लाथा घातल्या त्याले. एक पोटात, एक इथं," त्यांनी स्वतःच्या कानामागे बोट ठेवलं. "मग कासरा घेतला अन् घरी गेलो. भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी कळलं, मेला तो."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"चोर होता तो, मॅडम. निर्दोष नव्हता. लोक म्हणाले, बरं झालं. पोलिसांनी कोणाले धरलं नाही, दोनशे जणांत धरणार कोणाले? पण मी कित्येक रात्री मोजत होतो. दोनशे लाथांत माही कोणती? शेवटची तर नव्हती? पुढं भन्तेजी आले तवा त्यांना सांगितलं. मले वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे, जुनी गोष्ट हाय. ते तसं नाही म्हणाले. ते म्हणाले, रोज बस. चौथ्या जागी त्याले बसव ज्याचं भलं चिंतणं तुले सगळ्यात कठीण जाते."

"तो पाकीटमार?"

"नाही. त्याच्याबद्दल वाईट वाटणं सोपं होतं, तो तर मेला." त्यांनी ओले हात पँटला पुसले. "चौथ्या जागी मी बसतो. बावीस वर्षांचा तेजराव, हातात कासरा घेतलेला. अन् रोज त्याचं तोंड पाहून मले घाण वाटते. वीस वर्षं झाले. पण त्याच्याकडं पाहून पाहून एक समजलं. तो काही राक्षस नव्हता. कोणाचा तरी लेक होता, रात्री घरी जाऊन भाकर खाणारा. त्या गर्दीत त्याले काही नाव नव्हतं, म्हणून त्याचा पाय उठला. कोणी एकानं जरी मधात विचारलं असतं ना, काय रे, नाव काय तुहं? तर थांबला असता. मले पक्कं ठाऊक हाय, थांबला असता."

आवारात एक नर्स कुणाला तरी हाक मारत गेली. तेजरावभाऊंनी नळ सुरू केला आणि राहिलेली गाडी धुतली.

पुढचं थोडक्यात सांगते. दुर्गाचा पाय वाचला. एक पाय किंचित आखूड राहिला, पण ती चालते, आणि आता एका शाळेत शिकवते. हिलाल महिनाभर दवाखान्यात होता. त्याच्या एका डोळ्याची नजर गेली. मोबाईल पाहत होतो, हे त्यानं कोर्टात स्वतः कबूल केलं आणि शिक्षा भोगली. सोपान काकड, दत्ता, विष्णू यांच्यावरही खटला चालला. तिघांनीही नाही म्हटलं नाही. मी पुढे तीन वर्षं त्या गाडीवर काम केलं. सत्तावीस जणांचे जीव आम्ही वाचवले असं कागदोपत्री आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाला तेजरावभाऊंनी आधी नाव विचारलं होतं. बेशुद्ध असला तरीसुद्धा. मीही ते शिकले. माझ्या दवाखान्यात आज कुणी आरडाओरडा करत आला, काचेवर हात आपटला, तर मी खुर्चीतून उठते आणि आधी त्याचं नाव विचारते. दर वेळी उपयोग होतोच असं नाही. पण मला होतो.

मात्र माझ्या मनात राहिली आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

आम्ही दुसरा एक रुग्ण सोडायला त्याच दवाखान्यात गेलो होतो. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर सोपान काकड बसलेला दिसला. दुर्गा खालच्या मजल्यावर होती. हा वर कशाला आला होता, ते मी विचारलं नाही. तेवढ्यात जिन्यावरून एक म्हातारी आली. नऊवारी, पायांत चप्पल नाही, काखेत पिशवी. रात्रभर एसटीनं प्रवास करून रावेरकडून आली होती. ती दिसेल त्याला विचारत होती, माझा हिलाल कुठे ठेवलाय, केळीची गाडी चालवतो तो.

सोपान उठला. तिला काचेच्या दारापर्यंत घेऊन गेला आणि आत बोट दाखवलं. म्हातारी काचेला कपाळ लावून कितीतरी वेळ बघत राहिली. मग वळली.

"खालच्या सिस्टर म्हणत होत्या, स्कूटीवरच्या पोरीच्या घरचंच कुणी तरी गाडीत त्याला धरून बसलं होतं म्हणून वाचला. तुम्हीच का ते?"

सोपाननं हो म्हणून मान हलवली.

म्हातारी त्याच्या पाया पडायला वाकली. तो चटकन मागे सरला. त्याची पाठ भिंतीला लागली. दोन्ही हात त्यानं पाठीमागे नेले, जणू कुणाला दिसू नयेत.

"नको, माय," तो म्हणाला. "नको. त्याले मारलं ते मीच."

तेजरावभाऊ माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

म्हातारी वाकलेली सरळ झाली. तिनं सोपानच्या तोंडाकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत त्याला पाहिलं. तिचा हात काखेतल्या पिशवीवर घट्ट आवळला गेला. आता ती किंचाळेल, शिव्या देईल, तळतळाट देईल, असं मला वाटलं, आणि तिनं तसं केलं असतं तर तिला कुणी बोल लावला नसता. तिनं मोठा श्वास घेतला. तो आत जाता जाता दोनदा अडखळला.

"तुमची पोर होती ना स्कूटीवर," ती म्हणाली. "बरी आहे का हो ती?"